आळंदी ते पंढरपूर सायकलने : निघण्यापूर्वीची तयारी

संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या वाटेने आळंदीहून पंढरपूरला सायकलने जायचे ठरले की बहुतेक जण आधी सायकल पाहतात, मग सामान आणि शेवटी नकाशा. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. दिवे घाटापासून मोहोळपर्यंतच्या सुमारे २२१ किलोमीटरच्या राष्ट्रीय महामार्ग ९६५ च्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली आणि त्यातला बराच भाग आज वापरात आहे. रस्ता उत्तम आहे, पण तो अनेक गावांना बाहेरून वळसा घालून जातो. पालखीचे मुक्काम, विसावे आणि देवळे मात्र गावांच्या आत आहेत. वेळापूरचे अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर किंवा फलटणचे राम मंदिर पाहायचे असेल, तर वळणरस्ता सोडून जुन्या रस्त्याने गावात शिरावे लागते. म्हणून घरीच बसून कोणत्या गावात शिरायचे आणि कोठे महामार्गाने जायचे हे ठरवून ठेवावे, आणि प्रत्येक फाट्याचे नाव कागदावर लिहून घ्यावे. मोबाइलमधला नकाशा बहुधा कमी वेळाचा रस्ता सुचवतो, आणि या प्रवासात आपल्याला तो नेहमी हवा असतोच असे नाही.

मुक्कामांची आखणी करताना पायी वारीचे टप्पे समोर ठेवावेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी शिस्त लावली, ती मुक्काम, विसावा, रिंगण आणि समाजआरतीच्या रूपाने आजही पाळली जाते, आणि कोणत्या गावाला किती थांबायचे याचे उत्तर त्या क्रमातच मिळते. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर असा हा क्रम आहे. सायकलस्वाराने त्यातले तीन ते पाच टप्पे एका दिवसात जोडावेत. चार दिवसांची सुट्टी असेल तर पहिला मुक्काम जेजुरीला, दुसरा फलटणला, तिसरा वेळापूरला आणि चौथ्या दिवशी दुपारच्या आत पंढरपूर, ही विभागणी मला सर्वांत समंजस वाटते. पहिला दिवस सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरचा आणि घाटाचा, दुसरा साठेक किलोमीटरचा, तिसरा पुन्हा पंच्याहत्तरच्या आसपासचा आणि शेवटचा जेमतेम पस्तीसचा होतो. पुण्याहून एका दिवसात पंढरपूर गाठणारे सायकलस्वार आहेत आणि त्यांच्या दमसासाचे कौतुकच आहे. परंतु त्या वेगात दौंडज खिंडीत थांबून न्याहारी करता येत नाही, नीरेच्या पुलावर उतरून जेथे माउलींच्या पादुकांना स्नान घालतात तो काठ पाहता येत नाही, आणि तरडगावच्या अलीकडे पहिले उभे रिंगण होते तो चांदोबाचा लिंबही नजरेतून निसटतो.

तारीख निवडताना पंचांग उघडावेच लागते. आषाढी वारीत पालखीबरोबर सायकल नेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. त्या दिवसांत टप्प्याटप्प्याने वाहतूक बंद असते, रस्ता चालणाऱ्यांचा असतो, आणि अनवाणी पावलांच्या गर्दीत सायकलीचे चाक ही अडचण ठरते. आषाढीच्या कितीतरी आधी निघणारे गट आहेत, आणि तेव्हाचा पश्चिमेचा वारा पाठीशी राहतो ही त्यांची जमेची बाजू आहे. पाऊस मात्र सोसावा लागतो. निवांत प्रवासासाठी मार्गशीर्ष-पौष हे महिने चांगले, पण त्यांतले आणि त्यांच्या आसपासचे तीन गर्दीचे काळ टाळावे लागतात. कार्तिक शुद्ध एकादशीला पंढरपुरात खोली मिळणे कठीण असते, कार्तिक वद्य एकादशीपासून आळंदीत संजीवन समाधी सोहळ्याची यात्रा भरते आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, जेजुरी भाविकांनी फुललेली असते. सोमवती अमावास्या आणि रविवारही जेजुरीच्या मुक्कामासाठी टाळलेले बरे. हिवाळ्यात दुपारचा वारा बऱ्याचदा समोरून किंवा डाव्या अंगाने येतो, त्यामुळे रोजच्या अंतराचा मोठा भाग दहा-साडेदहाच्या आत संपेल असे वेळापत्रक करावे.

शरीराची तयारी निदान सहा ते आठ आठवडे आधी सुरू व्हावी. एका दिवशी पुष्कळ अंतर जाणे तुलनेने सोपे असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बैठकीवर बसणे हीच खरी परीक्षा असते. म्हणून सरावात शनिवार आणि रविवार असे लागोपाठचे दोन दिवस जोडून घ्यावेत आणि शेवटच्या दोन आठवड्यांत निदान एकदा, जे सामान न्यायचे आहे तेच सगळे सायकलीवर लादून बाहेर पडावे. पुणेकरांना चढाच्या सरावासाठी दूर जावे लागत नाही. कोंढव्याकडून बोपदेव घाट चढून सासवडला जावे आणि दिवे घाटाने उतरावे, ही फेरी या प्रवासाला अगदी जुळणारी आहे, कारण बोपदेव चढता आला की दिवे घाटाची धास्ती राहत नाही आणि घाटातल्या रुंदीकरणाची स्थितीही प्रत्यक्ष कळते. खोगिराची उंची व कल या सरावातच नक्की करावा आणि प्रवासाच्या आदल्या आठवड्यात त्याला हात लावू नये. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर खोगीर बहुधा फार खाली असते, मागच्या बाजूला दुखत असेल तर फार वर.

सायकल कोणतीही चालेल, पण तिचे टायर फार अरुंद नसावेत. बत्तीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर गावातल्या जुन्या रस्त्यांवर आणि मुरमाच्या कडेवर सुखाचे जातात. दुरुस्ती-देखभाल निघण्याच्या पंधरा दिवस आधी करून घ्यावी, म्हणजे नव्या केबली ताणून सैल झाल्या तर पुन्हा आवळायला वेळ राहतो. ब्रेकचे पॅड, साखळी, मागच्या चाकाच्या आऱ्या आणि कॅरियरचे स्क्रू या चार गोष्टी कारागिरासमोर उभे राहून तपासून घ्याव्यात, कारण सामानाचा सगळा भार मागच्या चाकावर येतो. सामान पाठीवर घेऊ नये. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या लावाव्यात आणि आतले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत.

पंक्चरविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सासवड ओलांडल्यावर कोरड्या माळरानाची बाभूळ रस्त्याच्या कडेला सोबत करते, आणि तिचा काटा टायरमध्ये शिरून तेथेच मोडतो. नुसती ट्यूब बदलली तर पाच मिनिटांत तीही बसते. म्हणून ट्यूब काढल्यावर टायरच्या आतल्या बाजूने फडके हळूहळू फिरवावे. ते जेथे अडकेल तेथे काट्याचे टोक असते आणि ते छोट्या चिमट्याने उपसून काढावे लागते, तेव्हा चिमटा हवाच. प्रत्येकाजवळ स्वतःच्या मापाच्या दोन ट्यूबा, टायर काढायच्या पट्ट्या, सोल्युशन व पॅच, हातपंप, अॅलन चाव्यांचा संच, साखळीची जोडकडी आणि एकेक जादा ब्रेक व गिअरची केबल असावी. गावोगावी सायकल दुरुस्त करणारे सापडतात आणि ते हुशारही असतात, पण त्यांच्याजवळचे साहित्य साध्या काळ्या सायकलींच्या मापाचे असते. आपल्या ट्यूबेला बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल, तर त्यांचा पंप लागण्यासाठी पितळी अडॅप्टर जवळ ठेवावा. तो अगदी स्वस्त मिळतो आणि त्यावाचून सगळा दिवस वाया जाऊ शकतो.

रस्त्यावरचा सर्वांत मोठा धोका उसाच्या वाहतुकीचा आहे. भाटघर आणि वीर धरणांचे पाणी नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरस या तालुक्यांत फिरते, त्यामुळे वाटेत दुतर्फा ऊस असतो आणि दिवाळीनंतर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की तो सगळा ऊस याच रस्त्यांवर येतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि उसाची टोके दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली असतात. चालकाच्या कानाशी गाणी इतकी मोठ्याने वाजत असतात की सायकलीची घंटा त्याला ऐकू जाण्याची आशा नसते. अशा वाहनाला ओलांडताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी गृहीत धरावी, समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसल्यावाचून बाहेर पडू नये, आणि चढावर तर मागेच राहावे. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांडीवरून चाक घसरते, म्हणून ट्रॉलीच्या अगदी मागे चिकटून चालवू नये. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. या एकाच कारणासाठी मी अंधारात सायकल चालवण्याच्या ठाम विरोधात आहे. सूर्य मावळण्याच्या तासभर आधी मुक्कामाला पोहोचावे. तरीही मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवावा, चमकणारे जाकीट अंगात असावे, आणि हेल्मेट तर हवेच. चौपदरी रस्त्यावर उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी सर्रास भेटतात. त्यांना आपण डावीकडे दाबले जाणार नाही अशा बेताने जागा द्यावी.

पहिल्या दिवसाची सुरुवात आळंदीहून उजाडताच व्हावी, शक्यतो रविवार वगळून आलेल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे दिघी-विश्रांतवाडीकडून शहरात येताना वाहने कमी लागतात आणि जेजुरीलाही रविवारची गर्दी नसते. माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात उतरते. ही दोन्ही ठिकाणे हाकेच्या अंतरावर आहेत आणि पुण्यात राहूनही अनेकांनी पाहिलेली नसतात, तेव्हा तेथे थांबूनच पुढे निघावे. हडपसर मात्र वाहतूक वाढण्याआधी मागे टाकावे. वडकी नाल्याशी बाटल्या भरून घेऊन घाट सावकाश चढावा, मस्तानी तलाव उजव्या हाताला की डाव्या हाताला असल्या चर्चेपेक्षा मागून येणाऱ्या डंपरकडे लक्ष ठेवावे, आणि सासवडला सोपानकाकांच्या समाधीपाशी दुपारचा विसावा घ्यावा.

पाणी प्रत्येकी निदान दोन लिटर सोबत असावे. रुंदीकरणात जुनी वडा-पिंपळाची झाडे बरीच गेली, त्यामुळे पूर्वी वारकऱ्यांना मिळे तशी सलग सावली आता मिळत नाही. थांबे देवळांच्या, शाळांच्या किंवा हॉटेलांच्या आधाराने ठरवावे लागतात. जलसंजीवनीची पाकिटे, गूळ-शेंगदाणे, केळी आणि राजगिऱ्याच्या वड्या पुरेशा होतात. दर अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी खावे, भूक लागेपर्यंत थांबू नये. दुपारी पिठले-भाकरी आणि ताक घ्यावे. तेलकट वडे-भज्यांचा मोह संध्याकाळपर्यंत आवरावा.

कपड्यांचे दोन जोड पुरतात, रोज रात्री एक धुऊन वाळत घालायचा. सायकलीच्या तंग चड्डीवर देवळात जाणे योग्य दिसत नाही, म्हणून हलका पायजमा किंवा सलवार पिशवीत वरच असू द्यावी. कडक तळव्याचे सायकलचे बूट जेजुरीच्या दगडी पायऱ्यांवर घसरतात. साध्या चपला सोबत असाव्यात. आधार कार्ड, थोडी सुटी रोकड, पॉवर बँक, रोजची औषधे, जखमेची मलमपट्टी आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी एवढे वरच्या खणात ठेवावे. ११२ आणि १०८ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत.

मुक्काम आधी फोन करून पक्का करावा आणि सायकल रात्री आत ठेवू देतील का, हे त्याच फोनवर विचारावे. मठ-धर्मशाळेत उतरणार असाल तर तेथील पहाटेची काकडआरती, जेवणाची वेळ आणि दिवे मालवण्याची वेळ यांत आपल्याला बसवून घ्यावे, आणि निघताना यथाशक्ती देणगी द्यावी. वाटेत कोणी "माउली, कुठून निघालात?" असे विचारले, तर सायकल थांबवून, पाय टेकवून उत्तर द्यावे; त्यासाठी रोजच्या हिशेबात तासाभराची मोकळीक ठेवली तर घाई होत नाही.

चौथ्या दिवशी वाखरीला, जेथे सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, थोडा वेळ थांबावे आणि तेथून पंढरपुरात गेल्यावर आधी खोलीवर सामान टाकून सायकलीला कुलूप लावावे. मंदिराच्या अरुंद बोळांत सायकल ढकलत नेऊ नये. पदस्पर्श दर्शनाची रांग काही तासांची असू शकते, मुखदर्शन लवकर होते. दोन्हींपैकी काय करायचे ते परतीच्या वेळेवर अवलंबून असल्यामुळे परतीची सोय निघण्यापूर्वीच करावी. एसटीच्या सगळ्या गाड्यांच्या टपावर सायकल चढत नाही, तेव्हा आगारात आधी चौकशी करावी. रेल्वेने यायचे तर पन्नासेक किलोमीटरवरच्या कुर्डुवाडीहून पुण्याच्या गाड्या आहेत, मात्र सायकल पार्सल म्हणून नोंदवावी लागते आणि त्यासाठी तासभर आधी स्थानकात हजर राहावे लागते. चौघे-पाच जण असाल तर परतीसाठी छोटा टेम्पो ठरवणे सर्वांत सोयीचे. सायकली एकमेकींवर घासू नयेत म्हणून दोन जुनी पोती आणि सुतळीचा गुंडा पुण्याहूनच बरोबर न्यावा, आणि टेम्पो हलण्यापूर्वी पुढची चाके उतरवून घ्यावीत.