घोडी, गाय आणि आपला कुत्रा: फिरायला नेताना या चुका टाळा

आमची कुत्री चिंगी रोज संध्याकाळी वडोदऱ्याच्या काळ्या घोड्याजवळून जाते. महाराज सयाजीरावांचा एवढा मोठा अश्वारूढ पुतळा चौकात उभा आहे, पण तिनं आजवर एकदाही मान वर करून पाहिलेलं नाही. त्या घोड्याला घामाचा वास नाही, त्याच्या टापा वाजत नाहीत, तो हलत नाही. कमुरतां (लग्नं टाळायचा धनुर्मास) संपून लग्नं सुरू झाली आणि दांडिया बाजारात वरघोडा, म्हणजे घोडीवरची वरात, निघाला, की हीच चिंगी ओळखू येत नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका वरघोड्याच्या वेळी मी तिला पट्ट्याला घट्ट धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. बघू दे जवळून, सवय होईल, असं मनात होतं. घोडी आमच्यासमोरून पुढे सरकली आणि चिंगी तिच्या मागच्या पायांकडे भुंकत झेपावली. घोडी बुजली, आडवी झाली. वर नवरदेव, त्याच्या पुढ्यात पाच-सहा वर्षांचा मुलगा. घोडीवाल्यानं लगाम खेचला नाही. त्यानं तिची मान हलकेच वळवली, तिचा एक डोळा चिंगीवर आणला आणि मला म्हणाला, “बेन, एने जोवा दो.” तिला बघू द्या. घोडी फुरफुरली, कान पुढे केले आणि उभी राहिली. कोणाला लागलं नाही, पण त्या मुलानं आयाळीत घट्ट रोवलेली बोटं मला अजून दिसतात.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ 350 अंशांचा परिसर दिसतो, पण शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं दिसत नाही. झापडं लावली असतील तर बाजूचंही कमी होतं. तो शिकार होणारा प्राणी आहे. मागून आलेला आवाज म्हणजे आधी पळायचं आणि पळता येत नसेल तर दुगाण्या झाडायच्या. कुत्र्याचं नेमकं उलटं: पळणाऱ्या वस्तूमागे धावणं त्याच्या रक्तात आहे. दोघांपैकी कोणीच वाईट नाही. त्यांच्यात पुरेसं अंतर ठेवणं हे आपलं काम आहे.

“सवय होईल” म्हणून जवळ नेणं

ही सगळ्यात मोठी चूक. घाबरलेल्या किंवा चेकाळलेल्या कुत्र्याला भीतीच्या वस्तूजवळ डांबून ठेवलं तर तो शिकत नाही, फक्त आणखी तापतो. बँड, फटाके, माणसांची दाटी आणि वर घोडी, हे सगळं एकावर एक चढतं. एखाद्या शांत सकाळी टांग्याचा घोडा पाहून काहीच न करणारा कुत्रा वरघोड्यात फुटतो तो यामुळे.

भुंकणं ही शेवटची पायरी असते, म्हणून भुंकण्याची वाट बघू नका. तोंडाकडे बघा. आरामात चालणाऱ्या कुत्र्याचं तोंड किंचित उघडं असतं. घोडा दिसला की ते मिटतं. मग कान पुढे, वजन पुढच्या पायांवर, शेपूट ताठ, नजर खिळलेली. तोंड मिटल्यापासून झेप घेईपर्यंत आपल्याला दोन-तीन सेकंद मिळतात, आणि वळायचं असतं ते तेवढ्यातच.

वळणं घरी शिकवून ठेवावं लागतं. “चल परत” म्हणायचं, उलट दिशेनं दोन पावलं टाकायची आणि कुत्रा बरोबर आला की खाऊ द्यायचा. आधी घरात, मग जिन्यात, मग गल्लीत, आणि शेवटी लांबून घोडा दिसत असताना. खाऊ साधं बिस्किट नको, त्याहून भारी हवा. घरात चिकन चालत नसेल तर पनीरचे नखाएवढे तुकडे पुरतात.

मग खरा सराव. घोडा बांधलेला असतो अशा ठिकाणापासून इतक्या लांब उभं राहा, की कुत्र्याला तो दिसेल पण तोंड मिटणार नाही. घोड्याकडे पाहिलं की तुकडा, पुन्हा पाहिलं की तुकडा. घोडा नजरेआड झाला की खाऊ बंद. थोड्या दिवसांत तो घोडा पाहून आपणहून तुमच्याकडे वळून बघू लागतो. त्यानंतरच चार पावलं पुढे. चिंगीला आम्ही एका मैदानाच्या पार दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली आणि अर्ध्या मैदानापर्यंत यायला पूर्ण पावसाळा गेला. मला ते फार वाटत नाही.

तरीही जमत नाही?

पनीर नाकासमोर धरूनही खात नसेल तर त्याला हट्टी म्हणू नका. तुम्ही फार जवळ आहात. दुप्पट मागे जा.

कुत्रा उभ्या घोड्यापाशी शांत, पण घोडा दुडक्या चालीनं निघाला की झेपावतो? मग हलणारा घोडा हा वेगळा धडा समजा आणि पुन्हा लांबून सुरू करा. जर्मन शेफर्ड, बॉर्डर कॉली अशा कळप राखणाऱ्या जातींना हे जास्त होतं. त्यांना कळप वळवायचा असतो.

पट्टा हातात ताणलेला असेल तर तो ताण कुत्र्याला घोडा दिसण्याआधीच सांगतो, की काहीतरी धोका आहे. पट्टा दीड-दोन मीटरचा, थोडा सैल आणि हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) छातीपाशी अडकवायचा. आपोआप गुंडाळला जाणारा लांब दोरीचा पट्टा गर्दीत नकोच, ती दोरी घोड्याच्या पायात गेली तर सावरता येत नाही. आणि गुरगुरण्याबद्दल मारू नका. गुरगुर दाबली की पुढच्या वेळी इशारा न देता चावा येतो.

लीद खाण्याची सवय असेल तर तीही सोडवा. घोड्यांना जंतासाठी आयव्हरमेक्टिन देतात आणि त्याचा अंश लिदीत उतरतो. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांना हे औषध जनुकीय दोषामुळे विषासारखं भोवतं.

गायीला हलक्यात घेणं

रस्त्यावरच्या गायींची आपल्याला इतकी सवय आहे, की आपण कुत्रा घेऊन त्यांच्यामधून सरळ जातो. वासरू असलेली गाय कुत्र्याला लांडगाच समजते. ती डोकं खाली घालते, फुसकारते, पुढचा खूर घासते. तेवढ्यात मोठा वळसा घ्या आणि वासरू व गाय यांच्या मधून कधीही जाऊ नका. उत्तरायणाला (संक्रांतीला) लोक गायींना घूघरी, म्हणजे उकडलेलं धान्य, खायला घालतात, तिथे गायी दाटीनं उभ्या असतात आणि खाण्यावरून आधीच चिडलेल्या असतात. त्या दिवशी रस्ता बदला. गाय अंगावर आलीच तर मोकळ्या जागेत पट्टा सोडा. तिचा राग कुत्र्यावर असतो आणि कुत्रा तिच्याहून चपळ असतो. वाहत्या रस्त्यावर मात्र उभ्या गाडीच्या किंवा भिंतीच्या आड व्हा.

गाढवाजवळही तेच. ते पळत नाही, उलटून कुत्र्यावर चाल करतं.

विश्वामित्री नदीच्या काठावर

इथल्या मगरींबाबत सराव वगैरे काही नाही, तिथे कुत्रा पाण्याजवळ न्यायचाच नाही. मगर पाण्याच्या कडेला दबा धरून बसते आणि पाणी प्यायला वाकलेला कुत्रा तिच्यासाठी सोपी शिकार असतो. थंडीत त्या उन्हाला काठावर येतात, उन्हाळ्यात काठावर अंडी घालून राखण करतात. ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी सोसायट्यांपर्यंत आल्या होत्या, म्हणून पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातूनही कुत्र्याला चालवू नका. मगर दिसली तर दगड मारू नका, वनविभागाला कळवा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण आहे.

लाथ बसली किंवा चावा झाला तर

कुत्रा उठून चालू लागला म्हणून घरी नेऊ नका. लाथेची जखम बऱ्याचदा आत असते. हिरड्या पांढुरक्या पडल्या, श्वास जोरात चालू लागला किंवा पोट ताणलं तर वेळ घालवायला वाव नाही. यातलं काहीच दिसलं नाही तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि तोवर खायला-प्यायला घालू नका.

माणसाला चावा किंवा ओरखडा बसला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखाना गाठा.

आपला कुत्रा घोड्याला चावला असेल तर तिथून निघून जाऊ नका. घोड्याला रेबीज होतो, आणि धनुर्वात तर त्याला फार लवकर होतो. छोटी जखमही पुरते. कुत्र्याच्या लशीची नोंदवही दाखवा, घोड्याच्या डॉक्टरांचा खर्च स्वतः द्या, घोडीवाल्याचा फोन नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी घोडी कशी आहे ते विचारा. त्याचं घर तिच्यावर चालतं.