कॅम्ब्रियन काळातील समुद्री प्राण्याचे चित्र जीवाश्मावरून कसे काढावे

कॅम्ब्रियन काळातील समुद्री प्राण्यांची रंगीत चित्रे पाहून त्यावरून आणखी एक चित्र काढणे सोपे असते, परंतु त्यात मूळ चित्रकाराच्या चुकाही आपल्याकडे जशाच्या तशा येतात. म्हणून सुरुवात जीवाश्माच्या ठशापासून करावी. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, योहो राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ चार्ल्स वॉलकॉट यांना 1909 साली बर्जेस शेलचे जीवाश्म सापडले. सुमारे 50.8 कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्यांचे नुसते कवचच नव्हे, तर मऊ शरीरही काळ्या चिखलाच्या खडकात पातळ, चकाकत्या पापुद्र्यासारखे उमटलेले आहे. असा खडक सह्याद्रीत शोधण्याचा खटाटोप करू नये; आपला बेसॉल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा आहे आणि तोही लाव्हारसाचा. भारतात कॅम्ब्रियन काळातील ट्रायलोबाइट, म्हणजे खंडयुक्त कवचाचे समुद्री प्राणी, पाहायचे तर हिमाचलातील स्पितीकडे वळावे लागते. संग्रहालयांनी प्रसिद्ध केलेली छायाचित्रे मात्र घरबसल्या मिळतात, आणि या कामाला ती पुरेशी आहेत.

एकाच प्राण्याच्या तीन-चार वेगवेगळ्या नमुन्यांची, मोजपट्टी दाखवणारी छायाचित्रे मोठी करून छापून घ्यावीत. सोबत ट्रेसिंग पेपर, टोकदार शिसपेन्सिल, एखादे रंगीत पेन, शाडूचा मोठा गोळा आणि बाजारातून आणलेल्या डोक्यासकटच्या पाच-सहा लहान कोळंब्या ठेवाव्यात. कोळंबीचे प्रयोजन पुढे कळेल. या साहित्यातून काही वगळायचेच झाले, तर निदान ती वगळू नये.

शाडूच्या दोन पोळ्या लाटून त्यांच्यामध्ये एक कोळंबी कुशीवर ठेवावी आणि सपाट फळीने सर्व बाजूंनी सारखा दाब द्यावा; दुसरी कोळंबी पोटावर ठेवून तसेच करावे. मग पोळ्या हलक्या हाताने उघडाव्यात. पहिल्या ठशात पाठीचा बाक, पायांची झालर आणि एकच डोळा दिसेल; दुसऱ्यात दोन्ही डोळे दिसतील, पण पाय अंगाखाली गेल्यामुळे जवळजवळ नाहीसे होतील. कोळंबी कधीही न पाहिलेल्या माणसाला हे दोन वेगळे प्राणी वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. शिवाय काही पाय वरच्या पोळीला चिकटतील, तर काही खालच्या. खडक फोडल्यावरही नेमके हेच होते. एका ठशाची दोन पाती होतात आणि प्राण्याचे अवयव दोहोंत वाटले जातात. म्हणून शक्य तेथे दोन्ही पात्यांची छायाचित्रे मिळवावीत. बर्जेस शेलमधील प्राणी चिखलाच्या लोंढ्यात वाटेल त्या कोनात गाडले गेले, आणि ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ हॅरी व्हिटिंग्टन यांनी या कोनांचाच उपयोग करून सपाट ठशांतून पुन्हा भरीव शरीरे उभी केली.

आता ट्रेसिंग पेपर छायाचित्रावर ठेवून जे दिसते तेवढेच गिरवावे. कडा स्पष्ट असेल तेथे सलग रेघ, संशय असेल तेथे तुटक रेघ. तिरप्या प्रकाशातील छायाचित्रात उंचसखलपणा कळतो, तर ध्रुवीकृत प्रकाशात किंवा नमुना ओला करून घेतलेल्या छायाचित्रात पापुद्र्याच्या छटा कळतात. दोन्ही मिळाली तर दोन स्वतंत्र कागद करून ते एकावर एक ठेवावेत. या टप्प्यावर ‘हा पाय’, ‘हे तोंड’ अशी नावे लिहू नयेत. नाव एकदा दिले की डोळे त्याला साजेसेच पाहू लागतात, असा माझा अनुभव आहे.

यानंतर प्रत्येक तुकड्याचे टोक तपासावे: ते मुळातच संपते आहे, की तुटलेले आहे? अनोमॅलोकॅरिसची गोष्ट येथे उपयोगी पडते. जोसेफ व्हाइटीव्ह्स यांनी 1892 साली एका वळलेल्या, काटेरी, खंडयुक्त जीवाश्माला हे नाव दिले. नावाचा अर्थच ‘विचित्र कोळंबी’ असा आहे. पुढे 1911 साली वॉलकॉट यांनी मध्ये भोक असलेल्या एका चकतीला जेलीफिश ठरवले आणि एका चपट्या धडाला समुद्रकाकडी, म्हणजे काकडीच्या आकाराचा समुद्री प्राणी. व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी 1985 साली दाखवून दिले, की ‘कोळंबी’ हा मोठ्या शिकारी प्राण्याच्या तोंडापुढचा उपांग होता, आणि ‘जेलीफिश’ हे त्याच गटातील प्राण्याचे दातांनी वेढलेले तोंड होते. यात कोणी मूर्ख नव्हते. तुटलेला उपांग खरोखरच डोके नसलेल्या कोळंबीसारखा दिसतो. आपल्या कागदावर मात्र तुटकी टोके रंगीत पेनाने वर्तुळात घ्यावीत, म्हणजे चित्र तेथे संपले असा भ्रम होणार नाही.

पुढचा टप्पा वर-खाली आणि पुढे-मागे ठरवण्याचा आहे, आणि सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा. हॅल्युसिजेनिया हा काही सेंटिमीटर लांबीचा, सडपातळ प्राणी. सायमन कॉनवे मॉरिस यांनी 1977 साली त्याला काठ्यांसारख्या काट्यांवर उभे केले आणि पाठीवर मऊ सोंडांची एक रांग दाखवली. चीनमधील चंगजियांग येथील नातलग प्राण्यांच्या आधारे लार्स रॅम्स्कोल्ड आणि होउ श्यानग्वांग यांनी 1991 साली तो उलटा केला. काटे पाठीवर गेले आणि ‘सोंडा’ पाय ठरल्या. तरीही एका टोकाचा काळा गोल डाग बराच काळ डोके समजला जात होता. मार्टिन स्मिथ आणि जाँ-बर्नार्ड कॅरॉन यांनी 2015 साली दुसऱ्या टोकाला साध्या डोळ्यांची जोडी आणि दात शोधले, तेव्हा तो डाग म्हणजे शरीरातून बाहेर दाबला गेलेला कुजका द्रव असल्याचे स्पष्ट झाले. उरलेल्या कोळंब्यांपैकी एक दिवसभर तशीच ठेवून मग दाबून पाहावी. पातळ, काळपट रस शरीराच्या रेषेबाहेर कसा पसरतो ते दिसेल. असा डाग प्रत्येक नमुन्यात वेगळ्या आकाराचा असतो, अवयव तसा नसतो. ही कसोटी साधी असली, तरी भरवशाची आहे.

न दिसणारे भाग नातलगांकडून घ्यावे लागतात, पण ते वेगळ्या रंगात काढावेत. येथे उत्क्रांतीचे झाड डोळ्यांपुढे हवे. आजच्या संधिपाद प्राण्यांची, म्हणजे कोळंबी, खेकडे, कीटक यांची लक्षणे, म्हणजे संयुक्त डोळे, सांध्यांचे पाय, कठीण कवच, एकदम अवतरली नाहीत. ती या झाडाच्या खोडावर, म्हणजे पूर्वजांच्या ओळीत, एकेक करून जमत गेली. पाच डोळे आणि टोकाला चिमटा असलेली लांब सोंड मिरवणारा ओपाबिनिया 1972 साली ऑक्सफर्डमधील जीवाश्मशास्त्रज्ञांच्या सभेत पडद्यावर आला तेव्हा श्रोते हसले होते. आज तो आणि अनोमॅलोकॅरिस याच खोडाच्या खालच्या भागात ठेवले जातात. हॅल्युसिजेनियाच्या नख्या एकात एक बसवलेल्या थरांच्या आहेत, आणि अशा नख्या आजच्या ओनिकोफोरांत, म्हणजे इंग्रजीत ज्यांना मखमली किडे म्हणतात त्यांच्यात आढळतात. आपल्याकडे पहिल्या पावसात दिसणारा मृगाचा लाल किडा तो नव्हे. खरा ओनिकोफोरा भारतात अरुणाचलातील सियांग खोऱ्यात आहे. त्याच्या बुटक्या, सांधा नसलेल्या पायांची ठेवण हॅल्युसिजेनियासाठी घेता येईल, खेकड्याच्या पायांची नाही.

रंगाचा पुरावा नसल्यामुळे रंग शक्य तितके साधे ठेवावेत, आणि चित्र पूर्ण झाले असे समजण्याआधी शाडूत त्याचा बोटभर पुतळा करावा. हॅल्युसिजेनिया असेल तर काट्यांसाठी उदबत्तीच्या काड्यांचे तुकडे चालतात. पुतळा अर्धवट सुकला की तो कुशीवर ठेवून फळीने दाबावा आणि मिळालेला आकार पहिल्या ट्रेसिंगवर ठेवून पाहावा. जेथे जुळत नाही, तेथे परत जावे. पायांच्या दोन रांगा नीट केल्या असतील, तर दाबल्यावर एक रांग दुसरीखाली पूर्ण लपते. खडकातही ती अशीच लपली होती, आणि 1992 साली रॅम्स्कोल्ड यांनी मूळ नमुना कोरून ती बाहेर काढेपर्यंत कोणाला दिसली नव्हती.