परदेशात नवीन असाल तर हे करून बघा
पहिले काही आठवडे सगळं भारी वाटतं, खरी गंमत नंतर सुरू होते. लिसगार्ड नावाच्या संशोधकाने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या लोकांचा अभ्यास १९५५ मध्ये छापला, त्यात सगळ्यात अवघड काळ निघाला ६ ते १८ महिन्यांचा, म्हणजे आठव्या महिन्यात उगाच रडू आलं तर घाबरू नका. रोज एकाच दुकानात एकाच वेळेला जा, काउंटरवरचा माणूस ओळखायला लागतो आणि तोडकंमोडकं का होईना बोलणं होतं. कळलं नाही तर नुसती मान डोलवू नका हां, मी असंच हसत हसत यस यस करून रविवारची शिफ्ट गळ्यात पाडून घेतली होती! सरळ 'परत सांगा, हळू' म्हणायचं. घरी व्हिडिओ कॉल ठरलेल्या वेळीच, दिवसभर नको.