मेटफॉर्मिनचे पहिले पंधरा दिवस

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू झाली की आधी कुरकुरते ते पोट: मळमळ, गॅस, पातळ शौच, तोंडाला धातूसारखी चव. बहुतेकांचा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. म्हणूनच डॉक्टर बहुधा ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून डोस हळूहळू वाढवतात. साखर लवकर उतरावी म्हणून स्वतःच वाढवाल, तर जुलाब ठरलेलेच.

गोळी उपाशीपोटी नको. जेवतानाच किंवा जेवण संपताच घ्या. इंदुरात खरी पंचाईत रात्रीची. घरी आठला वरण-भात आणि दहाला सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस, वर गराडूचा कंद! गोळी घरच्या जेवणाबरोबरच घ्या आणि पहिले काही दिवस सराफा टाळाच. तळलेल्या गराडूने पोट बिघडले की खापर गोळीवर फुटते. सकाळी पोहे थोडे चालतील, शेव बेताची. जिलबीचे तर विचारूच नका.

पाकिटावर ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ असेल तर गोळी अख्खी गिळा. चावली वा कुटली तर हळूहळू सुटणारे औषध एकदम सुटते. शौचात तिचे रिकामे कवच दिसले तरी घाबरू नका, औषध अंगी लागलेले असते. साध्या गोळीचा त्रास टिकलाच, तर डॉक्टरांना हाच प्रकार मागून पाहा.

चुकलेला डोस भरून काढायला दोन गोळ्या एकदम घेऊ नका. उलट्या-जुलाब थांबेनात, पाणीही पोटात टिकेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी थांबवायची का ते विचारा. शरीर कोरडे पडले की मूत्रपिंडावर ताण येऊन औषध साचू शकते. सोबत धाप किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय गाठा.