ड्रिलचा लिथियम पॅक घरी बनवताय? या चुका टाळा

मशीन मोकळं मस्त फिरतं, पण बिट भिंतीला टेकवून जरा जोर दिला की बंद. घरी बनवलेल्या पॅकची ही नेहमीची तक्रार आणि दोष बहुतेक वेळा सेल घेतानाच झालेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानात उभं राहिलं की आपण विचारतो किती एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो, पण ड्रिलसाठी विचारायचं किती अँपिअर देतो. १८ व्होल्टच्या मशीनमध्ये पाच सेल सिरीजमध्ये असतात, फुल चार्जला २१ व्होल्ट, आणि बिट अडकलं की मोटर २०-३० अँपिअर सहज खेचते. लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल ५ अँपिअरच्या आसपासच दमतो, तापतो, व्होल्टेज धपकन खाली येतं. सॅमसंगचा २५आर बघा, २५०० एमएएचच आहे पण २० अँपिअर देतो. आणि कोणी ९९०० एमएएच छापलेला १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, पॅकमध्ये नेहमी वापरतात तो) दाखवला तर सरळ पुढच्या दुकानात जा, या साइझमध्ये ३६०० च्या आसपास सगळं संपतं.

नवे-जुने सेल मिसळू नका प्लीज. पाचातला एक कमजोर असला की तोच आधी रिकामा होतो आणि चार्जिंगला तोच आधी भरतो, मग बीएमएस, म्हणजे पॅकमधला सेल सांभाळणारा बोर्ड, दोन्हीकडून लवकर कट मारतो.

सेल एकमेकांना जोडायच्या पट्टीत पण फसवतात. निकेल म्हणून मिळते ती बरेचदा निकेल चढवलेलं लोखंड असतं, करंटला अडवतं, तापतं, आणि आपल्या पावसाळ्यात गंजतं. तुकडा पॉलिश पेपरने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, सकाळी तांबूस दिसला तर लोखंड. जोडणी स्पॉट वेल्डिंगनेच करा, सोल्डरिंग गनची उष्णता सेलच्या आतलं सील खराब करते.

आता सगळ्यात धोक्याची जागा. सेलचं अख्खं डबडं निगेटिव्ह असतं, पॉझिटिव्ह फक्त वरची टोपी, आणि पट्टी आणि डबड्याच्या काठामध्ये बाहेरचं ते पातळ प्लास्टिक एवढंच. ड्रिलच्या व्हायब्रेशनने पट्टीची कड घासून ते फाटलं की थेट शॉर्ट, आणि तो बीएमएसला दिसतही नाही. प्रत्येक पॉझिटिव्हवर बार्ली पेपरची (करंट अडवणाऱ्या जाड कागदाची) रिंग लावाच.

बीएमएसचा कनेक्टर बोर्डात खुपसायच्या आधी मल्टीमीटरचा काळा प्रोब मेन निगेटिव्हवर धरून एकेक पिन मोजा, साधारण ३.७, ७.४, ११.१, १४.८, १८.५ असं चढत गेलं पाहिजे, मध्येच गडबड दिसली तर वायर चुकलीय, तशीच लावली तर बोर्ड जळेल. सगळं बरोबर असून आउटपुट शून्य येत असेल तर एकदा चार्जर लावून बघा, बरेच बोर्ड त्याशिवाय जागेच होत नाहीत. लोडवर बंद पडलं तर लगेच पाचही सेल मोजा. एकच खाली असेल तर तो सेल किंवा त्याचं वेल्डिंग, सगळे सारखे आणि भरलेले असतील तर बीएमएस कमी अँपिअरचा घेतलाय, नाहीतर सेलच तेवढे अँपिअर देत नाहीत.

चार्जर २१ व्होल्टचा, लिथियमचाच हवा, जुन्या निकेल-कॅडमियमचा चालणार नाही. वन-आरकेत प्लग नेमका दाराशेजारी असतो, तिथे चार्जिंगला लावून झोपू नका, आग लागली तर बाहेर पडायची वाटच तीच. आणि २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल जिवंत करायच्या मागे लागू नका, दोन्ही टोकांना टेप लावा आणि ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्याच्या डब्यात अजिबात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर तिथेच पेट घेतो.