स्टुटगार्टला निघालात? आधी जिना झाडायला शिका

सध्या जर्मनीतल्या स्टुटगार्टहून सुट्टीला नाशिकला आलोय, इंदिरानगरला घरी, आणि आल्यापासून रोज संध्याकाळी कोणी ना कोणी येऊन बसतंय. परवा खालच्या मजल्यावरच्या काकू मुलीला घेऊन आल्या, तिला स्टुटगार्टला मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय, सप्टेंबरअखेर निघायचंय, आणि काकूंचा पहिला प्रश्न काय, तर अरे कुकर द्यायचा का हिच्याबरोबर. मग दोन तास मी जी बडबड केली तीच इथे लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या माणसाला लिंक पाठवता येईल आणि मला मिसळ खायला बाहेर पडता येईल.

आधी पैशाचं. जर्मनीत शिक्षण फुकट असं अख्खं नाशिक सांगतं, पण स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, वर सेमिस्टरची वर्गणी वेगळी. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याखाण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे, त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात, पण लगेच येतात असं समजू नका. आधी रूम, मग आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, मग बँक खातं, मग पैसे, अशी साखळी आहे आणि माझे पहिले पैसे यायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत आईने बळंच पाकिटात कोंबलेले ५०० युरो होते म्हणून निभावलं, आणि मी मुंबई एअरपोर्टवर तिच्याशी भांडत होतो की एवढी कॅश कशाला!

आनमेल्डुंग राहायला गेल्यापासून १४ दिवसांत करायची असते आणि त्याला घरमालकाने सही केलेला कागद लागतो, भाडेकरार चालत नाही, तो वेगळाच कागद आहे, चावी घेतानाच मागून घ्या. अपॉइंटमेंट इथूनच शोधायला लागा, तिकडे पोचल्यावर बघू असं करू नका. आणि रूमवर गेल्या गेल्या टपालपेटीवर स्वतःचं आडनाव चिकटवा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि तिकडे बँकेचं कार्ड, इन्शुरन्स, सगळं अजून कागदावरच चालतं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरा म्हणून एक पत्र येईल, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो. मी फ्रॉड समजून फेकलं, मग दुसरं आलं. ते खरं असतं. शेअर फ्लॅट असेल तर एकानेच भरायची, बाकीच्यांनी वाटून घ्यायची.

आता जिन्याची गोष्ट. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी अडकवलेली दिसली, दोरीने, वर झाडूचं चित्र आणि खाली ‘केअरवोखे’. मला वाटलं आधीच्या भाडेकरूची काहीतरी शोभेची वस्तू असेल, छान दिसत होती म्हणून आत नेऊन टेबलावरच्या गणपतीशेजारी ठेवली. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी समोरच्या आजींनी बेल वाजवली, मला काहीही न बोलता बाहेर बोलावलं आणि जिन्याच्या पायरीवरून बोट फिरवून ते बोट माझ्यापुढे धरलं. माझं जर्मन बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं, पण ते बोट बरोबर कळलं 😅

केअरवोखे म्हणजे झाडायचा आठवडा. त्या भागातली फार जुनी रीत आहे. पाटी ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात आपल्या मजल्यासमोरचा जिना झाडून पुसायचा आणि झालं की पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावायची. मोठ्या केअरवोखेत फुटपाथ, तळघर वगैरेही येतं. सगळ्या बिल्डिंगमध्ये असेलच असं नाही, हल्ली बरेच मालक पैसे देऊन माणूस लावतात, पण तुमच्या करारात लिहिलंय का ते बघा. आमच्या सोसायटीत जिन्याला मावशी येतात, मी आयुष्यात जिना झाडला नव्हता. आजींनी बादली धरून शिकवलं, वरून खाली यायचं, कोपरे आधी. गंमत म्हणजे त्या जिन्याने माझं जर्मन जेवढं सुधारलं तेवढं क्लासने नाही सुधारलं, कारण पुसताना येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘ग्र्युस गॉट’, म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हणून दोन वाक्यं बोलतोच.

रविवारी दुकानं बंद, अगदी दूधसुद्धा नाही, शनिवारी संध्याकाळीच भरून ठेवा, विसरलात तर मेन स्टेशनमधली काही दुकानं उघडी असतात. प्लास्टिकची बाटली फेकू नका, बहुतेकींवर २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी मिळते. डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभरातल्या लोकल ट्रेन-बसचा महिन्याचा पास, २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं ते २०२६ पासून ६३ झालंय, २७ च्या आतल्या स्टुडंट्सना त्या राज्यात स्वस्त पर्याय आहे तो आधी विचारा, आणि तिकीट बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत. स्टेशनवर गेट नाहीत म्हणून कोणी विनातिकीट बसू नका, ६० युरो दंड आहे आणि चेकर साध्या कपड्यांत येतात.

एक गोष्ट मात्र नाशिकच्या माणसाला तिकडे लगेच घरची वाटेल. मेन स्टेशनच्या मागच्या टेकडीवर चक्क द्राक्षबाग आहे, शहराच्या मधोमध! मी दिंडोरीच्या मामांना व्हिडिओ कॉल करून दाखवली तर मामा म्हणे मांडव कुठंय रे, आणि एवढ्या उतारावर ट्रॅक्टर कसा नेतात. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीची गडबड असते नेमकी तेव्हा तिकडे तोडणी चालू असते, त्यामुळे त्या सगळ्या महिन्यात मामांचा रोज एक फोन, आज किती तोडली. घरची आठवण यायला लागली की मी त्या टेकडीवर चढून बसायचो. डिसेंबरात तेही जमत नाही, साडेचारला अंधार होतो, त्याची तयारी ठेवा, लाइट लावून का होईना संध्याकाळी खोलीबाहेर पडायचंच.

तर काकू, कुकर. तीन लिटरचा न्या, बूड सपाट हवं, इंडक्शन चालेल असा घ्या आणि रिंगा दोन जास्तीच्या, त्या मापाच्या तिकडे सहजी मिळत नाहीत. कोंडाजी चिवडा न्या, पण तूप, पेढे, लोणी नाही, बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. आणि फोडणी देताना खिडकी उघडी, स्मोक अलार्म मोहरी ओळखत नाही.

काकू निघताना म्हणाल्या, पोरीने इथे कधी केरसुणी धरली नाही रे. काल शनिवार होता, सकाळी सवयीने मीच आमच्या मजल्यासमोरचा जिना झाडायला घेतला तर मावशी वर आल्या, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, दादा, एवढं शिकून आलास अन् कोपरा राहिला बघ तो.