नोकरी न करता जर्मनीत काम: फ्रीलान्सरचा व्हिसा कसा काढावा

पुण्या-मुंबईहून जर्मनीला जाण्याचे दोन रस्ते सगळ्यांना पाठ आहेत: विद्यापीठात प्रवेश, नाहीतर कंपनीचं ऑफर लेटर आणि त्यावर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना. तिसरा रस्ताही कायद्यात आहे आणि त्याची माहिती फार कमी जणांना असते. जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम २१ स्वतःचं काम स्वतः करणाऱ्या परदेशी माणसाला तिथे राहण्याचा परवाना देतं. भाषांतरकार, चित्रकार, आर्किटेक्ट, पत्रकार, तबला किंवा गाणं शिकवणारे, काही सॉफ्टवेअरवाले, हे सगळे या दाराने जाऊ शकतात.

हा व्हिसा मुळात एका प्रश्नावर ठरतो. जर्मनीत तुमच्या कामाला ग्राहक आहेत का? बँकेतली शिल्लक, पदव्या, अनुभवाची पत्रं या सगळ्याचा क्रमांक त्यानंतर लागतो. म्हणून आधी ग्राहक शोधा आणि मगच अर्जाला हात घाला.

आधी आपला खण ओळखा

जर्मनीत स्वतंत्र काम करणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला ‘फ्रायबेरुफ्लर’, म्हणजे ज्ञान, कला किंवा शिक्षण यांच्या बळावर व्यक्तिगत सेवा देणारे. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, पत्रकार, दुभाषे, भाषांतरकार, कलावंत आणि शिक्षक अशी त्यांची यादी आयकर कायद्याच्या कलम १८ मध्ये दिलेली आहे. दुसरा ‘गेवेर्बे’, म्हणजे दुकान, हॉटेल, व्यापार, एजन्सी असा धंदा.

फरक कागदावरचाच नाही. गेवेर्बेसाठी त्या भागात तुमच्या धंद्याची गरज आहे, अर्थव्यवस्थेला फायदा होईल आणि भांडवलाची सोय झालेली आहे, हे सिद्ध करावं लागतं. फ्रायबेरुफ्लरला या अटीतून बरीच मोकळीक आहे. सॉफ्टवेअरवाले मात्र सीमारेषेवर असतात. इंजिनिअरच्या तोडीचं काम असेल तर पहिला खण, तयार माल विकत असाल तर दुसरा. करासाठी अंतिम निर्णय तिथलं कर कार्यालय घेतं. शंका असेल तर अर्ज करण्यापूर्वी जर्मन कर सल्लागाराला तासाभराची फी द्या, ती वाया जात नाही.

जुन्या लेखांमध्ये अजून अडीच लाख युरो गुंतवणूक आणि पाच नोकऱ्यांची अट दिसते. ती २०१२ मध्येच कायद्यातून गेली. तेवढ्यावरून कुणी माघार घेऊ नये.

कोणत्या व्हिसावर हे चालणार नाही

शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपात थोडे दिवस फिरण्याच्या व्हिसावर, जाऊन तिथे काम सुरू करता येत नाही, आणि तिथे पोहोचून तो बदलून घेऊ असं धरून चालू नका. अमेरिका, कॅनडा, जपानच्या नागरिकांना आत जाऊन अर्ज करण्याची सवलत आहे, भारतीय पासपोर्टला नाही. जून २०२४ पासून आलेलं ‘चान्सनकार्ड’ नोकरी शोधण्यासाठी आहे. त्यावर नोकरी शोधताना आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ नोकरी करता येते, फ्रीलान्सिंगचा परवाना मात्र त्यात नाही. आणि ‘डिजिटल नोमॅड’ नावाचा व्हिसा जर्मनीत मुळात नाहीच.

ग्राहकांची पत्रं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

जर्मनीतल्या ग्राहकांकडून करार मिळाला तर उत्तम. नसेल तर इरादापत्र घ्या. त्यात काम कोणतं, साधारण किती तास किंवा किती प्रकल्प, दर काय आणि कधीपासून, हे स्पष्ट हवं. कंपनीच्या लेटरहेडवर, सहीसकट, शक्यतो जर्मनमध्ये. ‘यांचं काम आम्हाला आवडतं, आल्यावर बघू’ अशा पत्राला काही वजन नाही.

किमान दोन पत्रं हवीतच, तीन-चार असली तर बरं. त्यामागे फार महत्त्वाचं कारण आहे. सगळं उत्पन्न एकाच कंपनीकडून येत असेल, त्यांच्याच ऑफिसात, त्यांच्याच वेळेत बसून काम असेल, तर जर्मन कायदा त्याला खोटा स्वयंरोजगार मानू शकतो. मग ती कंपनी मागच्या सामाजिक विम्याच्या हप्त्यांना जबाबदार धरली जाते, आणि तुमचा परवानाही अडचणीत येतो. भारतात बसून एखाद्या जर्मन कंपनीचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. जुनं नातं हाताशी असलं तरी दुसरा ग्राहक शोधाच.

पत्रं ज्या शहरातली, त्याच शहरात राहण्याचा अर्ज शोभतो. कारण मुंबईत दिलेला अर्ज मंजुरीसाठी त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे जातो. बर्लिनमध्ये कलावंत आणि भाषेची कामं करणाऱ्यांची पत्रं सहज पटतात. लहान गावात तीच पत्रं समजावून सांगावी लागतात.

विमा

कागद तयार असूनही अर्ज अडतात ते बहुतेकदा इथे. नोकरदाराला सरकारी आरोग्य विमा आपोआप मिळतो, बाहेरच्या देशातून पहिल्यांदा येणाऱ्या फ्रीलान्सरला तो साधारणपणे मिळत नाही. खाजगी विमा घ्यावा लागतो, आणि त्याचा हप्ता वय व आजारपणाच्या इतिहासावर ठरतो. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी कोटेशन मागवा. प्रवास विमा पहिल्या काही दिवसांना ठीक आहे, पण निवास परवान्यासाठी तो चालत नाही.

कलावंत आणि लेखक-पत्रकारांसाठी ‘क्युन्स्टलरसोत्सियालकासे’ नावाची वेगळी संस्था आहे. तिचं सदस्यत्व मिळालं तर आरोग्य आणि पेन्शनच्या हप्त्याचा साधारण निम्मा भाग तुम्ही भरता, उरलेला ती संस्था भरते, आणि सरकारी विम्याचं दारही उघडतं. संगीत शिकवणारेही यात बसतात. पात्र असाल तर पोहोचल्यावर लगेच अर्ज करा.

अर्ज

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे अर्ज मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटच्या कक्षेत येतात. राष्ट्रीय व्हिसाची फी ७५ युरो आहे. सोबत बायोडेटा, पदव्या, कामाचे नमुने, ग्राहकांची पत्रं, खर्च आणि अपेक्षित उत्पन्नाचा तक्ता, राहण्याची सोय आणि विमा जोडा. तक्त्यात भाडं, विमा आणि कर यांचे आकडे प्रामाणिक टाका. फुगवलेलं उत्पन्न अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. वय ४५ च्या वर असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. एजंट पदव्यांवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून घ्यायच्या सरकारी शिक्क्याचा, खर्च करायला सांगतील. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीने आक्षेप घेतलेला आहे, तेव्हा कॉन्सुलेटला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. डॉक्टर, वकील अशा परवानाधारी व्यवसायांना तिथला व्यवसाय परवाना किंवा त्याचं लेखी आश्वासन आधी लागतं.

पोहोचल्यावर

घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवा. काम सुरू झाल्यावर महिनाभरात कर कार्यालयाची प्रश्नावली ‘एल्स्टर’ या सरकारी संकेतस्थळावरून भरा, म्हणजे कर क्रमांक मिळेल. सर्वसाधारण विक्रीकर १९ टक्के आहे. पण आदल्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोपर्यंत असेल तर छोट्या व्यावसायिकाची सवलत घेता येते आणि बिलात तो लावावा लागत नाही.

जे आधीच तिथे आहेत

माझ्या मते सगळ्यात सोपी वाट यांचीच. जर्मन विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना आपल्या शिक्षणाशी जुळणाऱ्या स्वतंत्र कामासाठी सवलतीच्या अटींवर परवाना मिळू शकतो. ब्लू कार्डवर नोकरी करणारे जोडकाम म्हणून फ्रीलान्सिंगची परवानगी मागू शकतात. नोकरी सांभाळून दोन ग्राहक जमवायचे आणि मग पूर्णवेळ उडी घ्यायची, हा मार्ग नवख्याला मी आधी सुचवेन.

परवाना साधारण एक ते तीन वर्षांचा मिळतो आणि वाढवताना करनिर्धारणाचे कागद मागतात, म्हणून पहिल्या बिलापासून हिशेब नीट ठेवा. फ्रायबेरुफ्लरला कायम निवास सर्वसाधारण नियमाने पाच वर्षांनी मिळतो. त्यासाठी पुरेसं जर्मन आणि ६० महिन्यांचे पेन्शनचे हप्ते, किंवा तितक्याच तोडीची खाजगी तरतूद लागते. बहुतेक फ्रीलान्सरवर पेन्शनची सक्ती नसते, त्यामुळे हे हप्ते कुणी आपोआप कापून घेत नाही. ते पहिल्या महिन्यापासून स्वतःच सुरू करावे लागतात.